जोतीरावांची अर्पणपत्रिका

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि वऱ्हाडात, यवतमाळकडच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मळेवाले काळ्या लोकांना गुलाम म्हणून राबवीत, व त्यांच्या श्रमाचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना जाई. युद्धाने तो अडताच गिरणीवाल्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. १८६५ साली युद्ध संपले. तेथील गुलाम कायद्याने मुक्त झाले आणि इकडे कापसाचे भाव उतरले. व्यापाऱ्यांनी त्या युद्धात नफातोटा पाहिला. पुण्याच्या जोतीराव फुले यांनी मात्र त्यात जखडलेल्या माणसांची सुटका पाहिली.

जोतीराव १८२७ साली माळी कुटुंबात जन्मले. बालपणी त्यांची शाळा मध्येच सुटली होती. शेजारच्या गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब यांनी वडिलांचे मन वळविले, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. पुढे एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत, केवळ जातीमुळे, त्यांचा अपमान झाला. तो घाव खोल होता. १८४८ साली त्यांनी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोकांनी त्यांच्या अंगावर चिखल व शेण टाकले, आणि अखेर पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले. तरी कार्य थांबले नाही. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

१८७३ साली त्यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जोतीराव व धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपाने तो लिहिला आहे. ग्रंथ बहुधा राजाला किंवा धनिकाला अर्पण करावयाचा, अशी तेव्हाची रीत. जोतीरावांनी तो गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा, अशी आशा प्रकट केली. त्या युद्धात काळे सैनिकही मोठ्या संख्येने लढले होते, हे येथे विसरता कामा नये.

अमेरिकेत गुलामाचा बाजारात लिलाव होई. आपल्याकडे लिलाव नव्हता. परंतु विहीर, देऊळ व शाळा यांची दारे जन्मावरूनच बंद होत, आणि त्या बंदीला धर्माचा आधार दाखविला जाई. ज्याला अक्षर वाचू दिले नाही, त्याने तो आधार तपासावा कसा? जोतीरावांचा सारा रोख येथे होता. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्यांनी कर्जात बुडालेल्या कुणब्याची कैफियत मांडली.

केवळ कायद्याने काय साधते, हे अमेरिकेतही दिसून आले. दक्षिणेतील काळ्या नागरिकांना मिळालेला मताधिकार पुढे नाना युक्त्यांनी हिरावून घेण्यात आला; तो खऱ्या अर्थाने परत मिळावयास १९६५ साल उजाडावे लागले.

१८८८ साली लोकांनी जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने आपला अखेरचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी शूद्रांच्या पूर्वेतिहासावरील आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. आणि त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतील काळ्या लोकांचे पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे त्यांच्या बांधवांनी मांडलेल्या गाऱ्हाण्याच्या प्रती मागविल्या.