नाटकांना जाब विचारणारी लेखणी : ताराबाई शिंदे

मराठी समीक्षेचा इतिहास सांगताना १८७४ साली सुरू झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'चा उल्लेख हटकून होतो. त्यानंतर आठच वर्षांनी, पुण्यातील विद्वत्सभांपासून दूर राहणाऱ्या वऱ्हाडातील एका स्त्रीने मराठी नाटके, कादंबऱ्या आणि पुराणकथा यांतील स्त्रीचित्रणाची झाडाझडती घेतली. समीक्षकांच्या नामावळीत मात्र तिला दीर्घकाळ स्थान मिळाले नाही. त्या ताराबाई शिंदे यांचे चरित्र आमच्या विद्यार्थिनींनी, आणि विशेषेकरून विद्यार्थ्यांनी, जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

ताराबाईंचे बुलढाणे आपल्याला परके नाही. पिशोरहून सिल्लोड ओलांडून पूर्वेकडे निघाले की अजिंठ्याच्या डोंगररांगेवरच ते वसलेले आहे. त्या काळी मात्र या दोन गावांमध्ये राज्याची सीमा होती. आपला मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, तर वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे गेला होता. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हे हेडक्लार्क होते. जातीने मराठा आणि विचाराने महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी जोडलेल्या या गृहस्थांच्या घरी १८५० च्या सुमारास ताराबाईंचा जन्म झाला.

बापूजींनी आपल्या एकुलत्या एका कन्येला घरीच शिकविले. मराठीबरोबर संस्कृत व इंग्रजीचीही ओळख तिला झाली. सावित्रीबाई व जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. ते वारे वऱ्हाडातील खानदानी मराठा घरांच्या उंबरठ्यापर्यंत क्वचितच पोहोचत होते. पडद्याची रीत पाळणाऱ्या समाजात मुलीच्या हाती पुस्तक देणे हे धाडसच होते. पुढे ताराबाईंचे लग्न झाले, परंतु त्या सासरी गेल्या नाहीत. पतीच घरजावई म्हणून त्यांच्या घरी राहिले. त्यांना अपत्य झाले नाही. वडिलांचे घर आणि त्या घरातील ग्रंथ यांच्याच सान्निध्यात त्यांची बुद्धी धारदार होत गेली.

त्यांच्या हाती लेखणी दिली ती एका खटल्याने. १८८१ साली सुरत भागातील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा आरोप सिद्ध होऊन तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात फाशी रद्द होऊन जन्मठेप व नंतर तीही कमी झाली. परंतु वृत्तपत्रांत जी चर्चा पेटली तिचा रोख स्त्रीजातीवरच होता. पुण्याच्या 'पुणेवैभव' पत्राने स्त्रियांच्या नीतीवर कोरडे ओढले. विधवेला पुनर्विवाह नाकारणारा समाज आणि त्या अर्भकाचा पिता यांच्यावर कोणी बोट ठेवीना. याच दुःखावर इलाज म्हणून फुले दांपत्याने १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, याचेही विस्मरण झाले.

ताराबाईंनी उत्तर लिहिले. 'स्त्री-पुरुष तुलना' हा त्यांचा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती ५०० आणि किंमत नऊ आणे. स्त्री व पुरुष यांत अधिक साहसी कोण, हे दाखवून देण्याची प्रतिज्ञा त्यांनी शीर्षकातच केली होती. येथे साहस म्हणजे पराक्रम नव्हे, तर अविचार व दुष्कृत्य. स्त्रीला संशयांचा भोवरा, उद्धटपणाचे घर आणि कपटाचे आगर ठरविणारे एक जुने संस्कृत सुभाषित त्यांनी समोर घेतले. त्यातील एकेक दूषण उचलून ते पुरुषाच्या अंगी कसे व किती अधिक लागू पडते, हे त्या दाखवीत गेल्या. आजच्या वकिलालाही हेवा वाटावा अशी ही उलटतपासणी आहे.

याच निबंधात ताराबाई वाङ्मयाच्या समीक्षक म्हणून उभ्या राहतात. ती भरभराटीची रंगभूमी होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस मराठी नाटकाचा पाया घातला होता. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' अवतरले होते. नाटके लिहिणारे पुरुष, नायिकेचे सोंग घेणारे नटही पुरुष. अशा काळात ताराबाईंनी 'मनोरमा' हे नाटक, 'मुक्तामाला' व 'मंजुघोषा' या कादंबऱ्या आणि स्त्रियांच्या कपटकथा रंगविणारे 'स्त्रीचरित्र' यांची नावे घेऊन त्यांच्या कर्त्यांना जाब विचारला. या पुस्तकांतील स्त्रिया जगात कोठे आढळतात? स्त्रीचा पाय घसरला असे दाखविणारा ग्रंथकार तिला घसरविणाऱ्या पुरुषाला पडद्याआड का ठेवतो? त्यांच्या प्रश्नांचा आशय असा होता. पुराणांनाही त्यांनी हीच कसोटी लावली. पतीसाठी यमाच्या पाठीस लागलेली सावित्री सर्वांना ठाऊक आहे. पत्नीसाठी तसे करणारा पती कोणी ऐकला आहे काय, असे त्या विचारतात.

ग्रंथातील पात्रे कोण घडवितो, कोणाच्या सोयीसाठी घडवितो आणि त्यांचा परिणाम खऱ्या माणसांच्या आयुष्यावर कसा होतो, ही दृष्टी आज स्त्रीवादी समीक्षा म्हणून विद्यापीठांत शिकविली जाते. अमेरिकेत मार्गारेट फुलर ही विदुषी १८४४ पासून 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' या दैनिकात साहित्यसमीक्षा लिहू लागली, तेव्हा तिच्यामागे एक मोठे वृत्तपत्र उभे होते. ताराबाईंच्या पाठीशी वृत्तपत्र नव्हते, विद्यापीठ नव्हते, मंडळी नव्हती. सभा भरवून स्त्रीसुधारणेवर भाषणे झोडणाऱ्या आणि घरी आल्यावर काहीच न करणाऱ्या सुधारकांनाही त्यांनी सोडले नव्हते. त्यामुळे त्या बाजूनेही आश्रय मिळण्याची आशा नव्हती.

इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने एक मर्यादाही नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते. ताराबाईंच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी वरच्या जातींतील, घरात कोंडलेली स्त्री आहे. शेतात व रस्त्यावर राबणाऱ्या, अस्पृश्यतेचा चटका सोसणाऱ्या स्त्रीचे दुःख त्यांच्या निबंधात तितक्या स्पष्टपणे येत नाही. ते दुःख १८५५ साली मातंग समाजातील मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनीने आपल्या निबंधात मांडले होते. ही दोन्ही लेखने शेजारी ठेवून वाचली तरच एकोणिसाव्या शतकातील स्त्रीचे चित्र पुरे होते.

निबंधाचे स्वागत झाले ते उपहासाने, आणि दुर्दैव असे की टीका करणाऱ्यांत सत्यशोधक वर्तुळातीलही काही जण होते. तेव्हा जोतीराव पुढे आले. १८८५ साली काढलेल्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंना कन्येप्रमाणे मानून त्यांची बाजू घेतली आणि स्वतःच्या सहकाऱ्यांचीही कानउघाडणी केली. चळवळीतील माणसाने स्वकीयांची चूक दाखविणे किती अवघड असते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या कृतीचे मोल कळेल.

त्यानंतर ताराबाईंच्या नावावर दुसरे पुस्तक नाही. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले. एवढ्या ताकदीची लेखणी एका निबंधानंतर थांबली, यात त्या उपहासाचा वाटा मोठा असला पाहिजे असे आमचे मत आहे. पुस्तकही विस्मृतीत गेले. ९३ वर्षांनी, १९७५ साली, संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅन्लन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि बुलढाण्याच्या या लेखिकेचे नाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

आमच्या वसतिगृहातील मुले-मुली दरवर्षी स्नेहसंमेलनात नाटिका बसवितात, दूरदर्शनवरील मालिका पाहतात, चित्रपटांवर हिरिरीने वाद घालतात. ते करताना त्यांनी ताराबाईंचा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : या कथेत दोष कोणाच्या माथी मारला आहे, आणि कोणाला मोकळे सोडले आहे? ज्या दिवशी एखादी विद्यार्थिनी उभी राहून आमच्याच निवडलेल्या नाटिकेला हा प्रश्न विचारील, त्या दिवशी तिची टर न उडविता तिचे ऐकून घेणे हे आम्हा शिक्षकांचे कर्तव्य राहील. ताराबाई शिंदे यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.