काचेच्या सांगाड्यांचे अभ्यासक : अर्न्स्ट हेकेल

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या खातेगांवपासून समुद्र शेकडो मैल दूर. तरीही धार जिल्ह्यात बाघच्या परिसरात समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, कारण सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता. समुद्र आपल्या खुणा गाळात ठेवून जातो. त्यांपैकी सर्वांत नाजूक खुणा ओळखणाऱ्या शास्त्रज्ञाचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

अर्न्स्ट हेकेल यांचा जन्म 16 फेब्रुवारी 1834 रोजी जर्मनीतील पोट्सडाम येथे झाला. वडिलांच्या इच्छेखातर ते डॉक्टर झाले, पण दवाखान्यात मन रमेना. 1859 मध्ये ते इटलीला गेले. तेथे चित्रकार व्हावे असेही त्यांना वाटू लागले होते. मग मेसिनाच्या किनाऱ्यावर जाळ्यात आलेले पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना रेडिओलेरिया भेटले आणि आयुष्याची दिशा ठरली.

रेडिओलेरिया हे एकपेशीय समुद्री जीव. बहुतेक एक मिलिमीटरहूनही लहान. त्यांचा सांगाडा काचेसारख्या सिलिकेचा असतो : कुणाचा जाळीदार चेंडूसारखा, कुणाचा घंटेसारखा. आकार, छिद्रांची मांडणी आणि काटे पाहून जात ओळखतात. जीव मेला की सांगाडा तळाशी जातो. खूप खोल पाण्यात चुन्याची कवचे विरघळतात, सिलिका मात्र टिकते. म्हणूनच प्रशांत व हिंदी महासागराच्या काही खोल भागांत या सांगाड्यांनी भरलेला गाळ आहे.

हेकेल यांचा पहिला मोठा ग्रंथ 1862 मध्ये निघाला. त्याच वर्षी अ‍ॅना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण 1864 मध्ये, हेकेल यांच्या तिसाव्या वाढदिवशीच, अ‍ॅना वारल्या. या दुःखातून ते कामाच्या आधारानेच सावरले. येना विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे शिकवले.

1872 ते 1876 या काळात ब्रिटिशांच्या 'चॅलेंजर' जहाजाने जगभरच्या समुद्रांतून गाळाचे नमुने आणले. त्यांतील रेडिओलेरिया हेकेल यांच्याकडे आले. सुमारे दहा वर्षे खपून त्यांनी 1887 मध्ये अहवाल दिला : 140 चित्रपट आणि 4,000 हून अधिक जाती, त्यांतील 3,508 नव्या! याच काळात, 1881 मध्ये, श्रीलंकेला जाताना ते आठवडाभर मुंबईत उतरले होते आणि घारापुरीची लेणीही त्यांनी पाहिली.

मात्र त्यांची दुसरी बाजूही सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. 1868 च्या एका पुस्तकात त्यांनी एकच ठसा कुत्रा, कोंबडी आणि कासव या तिघांचे भ्रूण म्हणून छापला. टीका झाल्यावर पुढे तो बदलला, पण विश्वासाला तडा गेला. मानववंशांची उच्च-नीच प्रतवारीही त्यांनी मांडली. ती विज्ञानाला धरून नव्हती आणि तिने पुढे नुकसानच केले. त्यांनी सांगितलेल्या अनेक जातीही पुढे एकाच जातीची वेगवेगळी रूपे ठरल्या. 9 ऑगस्ट 1919 रोजी येना येथे त्यांचे निधन झाले.

आज गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हिंदी महासागराच्या गाळातील रेडिओलेरियांचा अभ्यास होतो. कोणत्या थरात कोणती जात आहे, यावरून गाळाचे वय आणि त्या काळचा समुद्र कसा होता हे कळते.

मित्रांनो, प्रयोगवहीत आकृती काढताना जे दिसते तेच काढा, जे दिसायला हवे ते नव्हे. पालकांनीही सुंदर आकृतीपेक्षा खऱ्या आकृतीला शाबासकी द्यावी, ही विनंती.