सुदाम्याचे पोहे वाढणारे वकीलसाहेब : श्रीपाद कृष्ण कोल्हटकर



आजच्या दिनविशेषाला आम्ही नेहमीपेक्षा जास्त जागा घेत आहोत, कारण ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांना दिनविशेषात फार थोडी जागा मिळते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म २९ जून १८७१ चा आणि मृत्यू १ जून १९३४ चा. २९ जूनला आपल्या देशात सांख्यिकी दिन असतो, कारण १८९३ साली याच तारखेला प्रशांतचंद्र महालनोबिस जन्मले. १ जूनला तर गाड्यांचीच गर्दी! दख्खनची राणी १९३० साली याच दिवशी पहिल्यांदा धावली आणि एस.टी.ची पहिली बस पुण्याहून नगरला निघाली तीही १ जूनलाच, १९४८ साली. या गर्दीत वऱ्हाडातला एक वकील मागे राहिला तर नवल नाही. त्यांच्या नावापुढे बहुधा दोनच शब्द असतात : नाटककार, विनोदी लेखक. झाले, पुढची नोंद सुरू.

पण आपल्या सावरगाव, पांढुर्णा आणि सौंसरच्या मराठी माणसांना या गृहस्थांशी नाते सांगण्याचा चांगला हक्क आहे. तो कसा, ते आधी सांगतो.

कोल्हटकरांचा जन्म नागपूरचा. कायद्याची परीक्षा १८९७ साली झाली आणि पुढची सारी वकिली वऱ्हाडात, म्हणजे अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद इथे. हे जळगाव खानदेशातले नव्हे. केळ्यांचे जळगाव वेगळे. हे बुलढाणा जिल्ह्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. आपणही त्याच सातपुड्याच्या दक्षिण अंगाची माणसे. म्हणजे डोंगर एकच, फक्त आपण जरा पूर्वेला आणि ते जरा पश्चिमेला.

त्या काळी वऱ्हाडाचा मामला मोठा मजेदार होता. कागदोपत्री मुलूख निजामाचा. १९०२ साली तो इंग्रजांनी कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा आणि खातेदार सगळे मराठी. आपला तेव्हाचा छिंदवाडा जिल्हाही याच मध्य प्रांतात. तेव्हा कोल्हटकर वकील जळगाव जामोदच्या कोर्टात उभे राहत, त्या वेळी आपले आजे-पणजे आणि ते एकाच प्रांताचे रहिवासी होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. राजधानी नागपूरची भोपाळ झाली. घरातली भाषा मात्र तीच राहिली.

हे सांगायचे कारण असे की शाळेच्या गॅदरिंगपासून मंडळाच्या कार्यक्रमापर्यंत आपण जे जुने महाराष्ट्रगीत उभे राहून म्हणतो, ते याच कोल्हटकरांचे. ते लिहिले गेले तेव्हा नकाशावर महाराष्ट्र नावाचे राज्य नव्हते. ते राज्य १ मे १९६० रोजी झाले, कवीच्या मृत्यूनंतर सुमारे २६ वर्षांनी. म्हणजे ज्या माणसाने महाराष्ट्राची थोरवी गायिली, त्याने हयातभर व्यवसाय केला तो मध्य प्रांत व वऱ्हाडात. राज्य कुठलेही असो, मराठीपणाला बाध येत नाही याचा यापेक्षा चांगला दाखला आपल्याला कुठे मिळणार?

मात्र या लेखाचा हेतू गाण्याचे कौतुक करण्याचा नाही. गाणे आपण जपले आहे. त्याच माणसाने आपल्याला दुसरीही एक देणगी दिली आणि ती आपण विसरत चाललो आहोत. ती म्हणजे स्वतःवर हसण्याची सवय.

कोल्हटकरांचे नाव प्रथम गाजले ते नाटकांमुळे. ‘वीरतनय’ हे त्यांचे पहिले नाटक १८९६ साली, म्हणजे वकिलीच्या आधीच, किर्लोस्कर मंडळींनी रंगभूमीवर आणले. मग ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’ अशी रांग लागली. तोवर संगीत नाटक बहुतेक पुराणातल्या नाहीतर संस्कृतातल्या कथेवर उभे असे. कोल्हटकरांनी स्वतःच्या डोक्यातून कथानके रचली, पारशी नाटकांच्या धर्तीच्या नव्या चाली आणल्या आणि मधूनमधून प्रेक्षकांना हसवले. हसवता हसवता दारूचे दुष्परिणाम, स्त्रीशिक्षण, विधवाविवाह हे त्या काळचे अवघड विषय त्यांनी मांडले. आज ही नाटके कोणी करत नाही. कथानके गुंतागुंतीची, भाषा कोट्यांनी भरलेली. नाटक काळाबरोबर जुने होते, त्याला इलाज नाही.

जुने झाले नाही ते ‘सुदाम्याचे पोहे’.

१९०२ साली ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात कोल्हटकरांचा ‘साक्षीदार’ नावाचा विनोदी लेख आला. वकिलाने पहिला विनोदी लेख लिहावा आणि विषय कोर्टातला साक्षीदार असावा, हे अगदी सरळ आहे. जो माल रोज हाताखालून जातो त्याचीच पारख माणसाला असते. तालुक्याच्या कोर्टात काय काय चालते ते आपल्यातल्या ज्यांनी शेताच्या बांधासाठी तारखा खाल्ल्या आहेत त्यांना सांगायला नको. शपथ घेऊन खोटे सांगणारा, पढवलेले विसरून भलतेच खरे बोलून जाणारा, दोन्ही पक्षांकडून चहा पिणारा, असे साक्षीदार कुठल्याही तालुक्यात भेटतात.

त्यानंतर असे लेख येत गेले. अठरा लेखांचे पुस्तक १९१० साली निघाले, त्याला लेखकाने स्वतःच अठरा धान्यांचे कडबोळे म्हटले. पुढे १९२३ पर्यंत लेखांची संख्या बत्तीस झाली आणि पुस्तकाला साहित्य-बत्तिशी हे नाव जोडले गेले. या लेखांत सुदामा नावाचा भाबडा गृहस्थ स्वतःच आपल्या हकिकती सांगतो. सोबतीला बंडूनाना आणि पांडूतात्या ही दोन मित्ररत्ने. कृष्णाच्या मित्राने आणलेली मूठभर पोह्यांची पुरचुंडी, असे हे नाव. पण चव मात्र आपल्या नागपूरकडच्या तर्री-पोह्यांची. वरून साधे दिसतात, तर्री जिभेला लागली की कळते.

यातला ‘चोरांचे संमेलन’ हा लेख आम्हांला विशेष प्रिय आहे. तो काळ परिषदा आणि संमेलनांचा होता. ज्याला त्याला अध्यक्ष, स्वागत समिती आणि ठराव हवे होते. कोल्हटकरांनी विचार केला की मग चोरांनीच काय पाप केले? त्यांचेही संमेलन भरू द्या. एकदा चोरांना संमेलनाच्या मांडवात बसवले की हसू दोन्हीकडून येते. चोरांचेही येते आणि संमेलनवाल्यांचेही. गंमत अशी की पुढे १९२७ साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद खुद्द कोल्हटकरांकडे आले. संमेलनांची टर उडवणाऱ्याला मराठी माणसांनी सन्मानाने अध्यक्षाच्या खुर्चीत बसवले. तेव्हाच्या लोकांचे मन मोठे होते असे म्हणायला हवे.

चोरांच्या फजितीचे किस्से आम्ही या पानावर अधूनमधून देतो आणि वाचकांना ते आवडतातही. त्यातले बरेच इतके साधे असतात की हसावे की कीव करावी ते कळत नाही. आमच्या नोकरीत एका खेड्यातल्या शाखेत असाच एक प्रकार घडला. धाकटा भाऊ परगावी गेलेला. त्याचे पासबुक घेऊन थोरला भाऊ पैसे काढायला काउंटरवर आला. स्लिप भरलेली, रक्कम बरोबर, खाते नंबर बरोबर, आणि सही मात्र स्वतःच्या नावाची! विचारले तर त्याने शांतपणे सांगितले की भावाचे नाव आपण लिहिले असते तर ती खोटी सही झाली असती, आणि असले पाप आपण करत नाही. पैसे मिळाले नाहीत, चहा मात्र मिळाला. दुसऱ्याचे पैसे काढायला तयार, पण खोट्या सहीला नाही, हे जे माणसाच्या मनाचे गणित आहे, तेच कोल्हटकरांनी कोर्टात रोज पाहिले असणार.

गणितावरून आठवले. या विनोदी लेखकाचा दुसरा व्यासंग ग्रहगणिताचा होता. ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा त्यांचा ग्रंथ आहे. दिवसा कोर्ट, नंतर लेखन आणि मधल्या वेळात ग्रहांची गणिते! पंचांगातली तिथी कशी निघते हे ज्याला आकडेमोड करून माहीत होते, त्यानेच त्या तिथींना चालणाऱ्या आपल्या प्रथांवर लिहिले. गणेशचतुर्थी, शिमगा, श्रावणी, एकेक सण घेऊन सुदामा आणि मंडळी जुन्या चालीचे मोठ्या हिरिरीने समर्थन करतात. आणि समर्थन जसजसे वाढत जाते, तसतसे वाचकाच्या ध्यानात येते की अरे, हे आपणही असेच करतो, आणि का करतो ते आपल्यालाही सांगता येत नाही. कोल्हटकर शिव्या देत नाहीत, उपदेश करत नाहीत. ते आपल्याच माणसाच्या तोंडून आपलीच वकिली करवतात आणि खटला आपोआप हरतो.

आता आपल्या गावाकडे वळू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे पोरेटोरे लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात, आणि आपण जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून गोटमार करतो. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली, अशी कथा सांगतात. म्हणजे आपण मुलीकडचे. नदीच्या मधोमध पळस रोवतात, त्यावर झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. यात दरवर्षी माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. त्यामुळे हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही, हे आम्हांला कळते. श्रद्धा आहे, मान आहे, तेही कळते. तरी मनात येते की सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या त्या दिवशी आपल्या काठावर येऊन उभे राहिले असते तर काय झाले असते? तिघांनी गोटमारीची बाजू इतक्या जोरात मांडली असती की हातातला दगड आपल्यालाच जड वाटू लागला असता. बंदीचे हुकूम आणि पोलिसांचा बंदोबस्त जे करू शकत नाही, ते कधी कधी घरच्या माणसाची थट्टा करून जाते.

कोल्हटकरांच्या या पोह्यांवर पुढच्या पिढ्या पोसल्या. किर्लोस्कर मंडळीत मुलांना शिकवण्याचे काम करणारे राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. गडकऱ्यांचा बाळकराम हा सुदाम्याचाच धाकटा भाऊ. त्या गडकऱ्यांनी शेवटचा श्वास घेतला तो २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला. सौंसरहून नागपूरला जाताना आपली बस ज्या सावनेरवरून जाते, तेच हे सावनेर. वय अवघे ३३. शिष्य गेल्यावर गुरू पंधरा वर्षे जगले. वि. स. खांडेकरही कोल्हटकरांनाच गुरू म्हणत. पुढे चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. आले आणि मराठी माणूस पोट धरून हसला. पण या रांगेच्या तोंडाशी पहिले पाऊल टाकणारा माणूस वऱ्हाडातला एक वकील होता, हे आपल्या भागातल्या मुलांना ठाऊक असायला हवे.

राज्याबाहेर राहणाऱ्या मराठी मंडळींना अभिमान जपणे सोपे असते. आपण झेंडा लावतो, गीत म्हणतो, गणपती बसवतो. स्वतःवर हसणे त्या मानाने अवघड. आपण संख्येने थोडे, बाहेरचे ऐकतील, मुले काय म्हणतील, अशी धास्ती असते. कोल्हटकरांना अशी धास्ती वाटली नाही. त्यांच्या एकाच लेखणीतून महाराष्ट्राचे गुणगान उतरले आणि मराठी माणसाची फजितीही उतरली. त्यांना या दोन्ही गोष्टी आपल्या माणसांवरच्या प्रेमातूनच सुचल्या असाव्यात.

तेव्हा सुचवणे एवढेच की येत्या २९ जूनला मंडळात गीत तर म्हणूच, पण त्याच्या पाठोपाठ ‘सुदाम्याचे पोहे’ मधला एक लेख मोठ्याने वाचू. भाषा शंभर वर्षांपूर्वीची आहे, वाक्ये लांब आहेत, म्हणून वाचणाऱ्याने आदल्या दिवशी एकदा नजर फिरवून यावे. सुरुवात ‘चोरांचे संमेलन’ पासून केली तर मुलेही बसतील. आणि त्या दिवशी खायला काय ठेवायचे, याचा ठराव मांडण्याची गरज नाही. पोहेच.