पडद्यावर ख्रिस्त, मनात कृष्ण

आवडत्या चित्रपटांचा विषय निघाला की गप्पांना अंत राहत नाही. कुणाला ‘संत तुकाराम’ आठवतो, कुणाला ‘दो आँखें बारह हाथ’, तर कुणाला ‘प्यासा’. कथा पुष्कळदा पुसट झालेली असते, पण तो चित्रपट कुठल्या थिएटरात आणि कुणाबरोबर पाहिला, हे मात्र नेमके आठवते. समोरच्याने तो पाहिलेला नसेल, तर त्याला दाखविल्याशिवाय चैन पडत नाही. ही ओढ भारतीय चित्रपटाहूनही थोडी जुनी आहे. कारण भारतीय चित्रपटाचा जन्मच एका प्रेक्षकाच्या अशा ओढीतून झाला. त्या प्रेक्षकाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट लागला होता. चाळिशीच्या घरातील फाळके तो पाहण्यास बसले. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत होते, पण त्यांच्या मनात एक वेगळाच पट उलगडू लागला. पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकातून आपल्या धंद्याची हकिगत सांगताना त्यांनी या क्षणाचे वर्णन केले आहे. समोर ख्रिस्त दिसत असताना त्यांना गोकुळ आणि अयोध्या दिसत होती, कृष्ण आणि राम दिसत होते. आपले देव असे पडद्यावर कधी वावरतील, या प्रश्नाने त्यांना घेरले. त्या चित्रपटाला ते पत्नी सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. हलत्या चित्रांमागील यंत्राची करामत त्यांनी तिला समजावून दिली आणि असे चित्र आपणही काढायचे, हा मनोदय बोलून दाखविला. स्वतःला भिडलेला चित्रपट दुसऱ्याला दाखविण्याची ही साधी कृती. एका मोठ्या उद्योगाची ती पहिली पायरी ठरेल, याची कल्पना त्या दोघांनाही नसावी.

त्या अंधाऱ्या सभागृहात फाळके रिकाम्या मनाने गेले नव्हते. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका वैदिक परंपरेच्या घरात त्यांचा जन्म झाला. पुराणे आणि संस्कृत यांचे संस्कार घरातच मिळाले. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापनाचे काम मिळाल्याने कुटुंब मुंबईस आले आणि धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि छपाईची तंत्रे आत्मसात केली. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल यांना मुकावे लागले. त्यानंतर जादूचे प्रयोग झाले. आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते रंगमंचावर येत. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती स्वदेशीच्या चळवळीच्या काळात सोडली. लोणावळ्यास आणि नंतर दादरला त्यांनी छापखाना चालविला. राजा रविवर्म्याच्या देवदेवतांच्या चित्रांच्या छपाईशी त्यांचा या काळात जवळचा संबंध आला. घरोघरच्या भिंतींवर विराजमान झालेल्या त्या लक्ष्मी-सरस्वती स्थिर होत्या. छापखान्यात देवांच्या रंगांवर मेहनत घेणाऱ्या माणसाला पडद्यावर एका देवपुरुषाला चालताना पाहून काय वाटले असेल, हे यावरून ध्यानात येते. चित्रकला, छायाचित्रण, छपाई आणि जादू ही विखुरलेली शिदोरी एका खेळात एकत्र आली.

छापखान्यातील भागीदारांशी मतभेद होऊन फाळके नुकतेच बाहेर पडले होते. हाती पैसा नव्हता आणि पोटाची चिंता होती. अशा वेळी शहाणा माणूस दुसरा छापखाना काढतो. फाळक्यांनी मुंबईत लागणारे चित्रपट रोज पाहण्याचा सपाटा लावला. पाहिलेल्या प्रत्येक चित्राची चिकित्सा आणि घरी येऊन रात्री उशिरापर्यंत प्रयोग, असे महिनोन्महिने चालले. त्याची किंमत त्यांच्या डोळ्यांनी मोजली. ताण असह्य होऊन काही काळ त्यांना जवळजवळ दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांच्या साहाय्याने दृष्टी परत आली. चित्रपटाच्या ध्यासापायी दृष्टीच गमावण्याची वेळ यावी, आणि ती परत येताच माणसाने पुन्हा पडद्याकडे वळावे, यातच फाळक्यांचा स्वभाव आला.

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे ते वाचक होते. त्याच भांडवलावर ते थेट त्याच्या संपादकांना जाऊन भेटले. संपादकांनी आधी या धंद्यातील धोक्यांची कल्पना दिली, परंतु समोरच्या माणसाची जिद्द पाहून त्यांनीच निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. वॉल्टन येथील हेपवर्थ यांचा स्टुडिओ फाळक्यांनी बारकाईने पाहिला. विल्यमसन कॅमेरा, फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची व्यवस्था करून ते एप्रिलमध्ये मायदेशी परतले.

भांडवल देणाऱ्याला खात्री पटावी कशी? फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा त्यासमोर रोखून दिवसागणिक एकेक चित्र टिपले. महिन्याभराच्या या चिकाटीतून मिनिटभराचे ‘अंकुराची वाढ’ हे चित्र तयार झाले. बीजाला कोंब फुटून त्याचे रोप होताना पाहणाऱ्याला नवल वाटले आणि कर्ज देणारा पुढे आला.

‘राजा हरिश्चंद्र’ची निर्मिती दादरच्या मथुरा भवन या बंगल्याच्या आवारात झाली. बंगल्यासमोरचा तो रस्ता पुढे दादासाहेब फाळके यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. या कामातील सरस्वतीबाईंचा वाटा थोडा नव्हता. अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतविणे आणि त्याच हातांनी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणे, ही सर्व कामे त्यांनी केली. गरज पडली तेव्हा अंगावरचे दागिनेही काढून दिले. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार होईना. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसावी लागली. दत्तात्रेय दाबके हरिश्चंद्र झाले, तर रोहिदास फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा चित्रपट लोकांपुढे आला.

मुंबईत गर्दी लोटली, पण सर्वत्र हेच घडले नाही. सुरतेस पहिल्या दिवशीचा गल्ला जेमतेम तीन रुपयांचा होता. नाटके पाच-सहा तास चालत. त्या मानाने हा खेळ फारच आखूड. फाळक्यांनी खेळ न लांबविता जाहिरात बदलली. तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहा, असा तिचा मथितार्थ होता. प्रेक्षक आले. व्यवहार कळत नाही असा आरोप ज्यांच्यावर आयुष्यभर झाला, त्या माणसाचा हा चाणाक्षपणा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्यानंतर फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि पडद्यावर प्रथमच स्त्रिया अवतरल्या. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी तांत्रिक गुणवत्तेचे कौतुक केले आणि तिथेच राहून चित्रपट करण्याची संधीही चालून आली. ती नाकारून ते परतले. एवढ्यात महायुद्ध भडकले आणि पैसा पुरविणाऱ्यांनी हात आखडता घेतला. त्या तंगीतून उभा राहिला १९१७ चा ‘लंका दहन’. त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडत. मद्रासला तर गल्ल्याची नाणी बैलगाडीतून पोलिस बंदोबस्तात न्यावी लागली, अशी हकिगत सांगितली जाते. गिरगावातील त्या संध्याकाळी एकाच प्रेक्षकाच्या मनात जे चालले होते, ते आता हजारोंच्या मनात चालले होते.

१९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ ही तिची गाजलेली चित्रे. कृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. पण हिशेबाच्या वह्या आणि कलावंताचे मन यांचे फार काळ जमले नाही. उद्विग्न होऊन फाळके काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि कालांतराने पुन्हा कंपनीत परतले. मात्र काळ बदलत होता. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपटही. शंभराच्या आसपास चित्रपट काढणाऱ्या या माणसाने १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे देह ठेवला, तेव्हा त्यांनीच उभारलेल्या उद्योगाला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला. त्या वेळी त्यांच्या मृत्यूला पंचवीस वर्षे उलटली होती.

मग फाळक्यांचे काय राहिले? ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे मिळतात. तीही १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. बहुतेक चित्रपट कायमचे नष्ट झाले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्या प्रयत्नांतून फाळके कुटुंबीयांकडे उरलेले तुकडे हाती लागले. त्यामुळे ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो. त्याच्या आरंभी मंदाकिनीचा चेहरा दिसतो. एकामागून एक भाव त्यावर उमटतात आणि पाहता पाहता त्या मुलीचा कृष्ण होतो. ख्रिस्तपट पाहताना एका प्रेक्षकाच्या मनात जो कृष्ण उभा राहिला होता, तो असा त्याच्या स्वतःच्या लेकीच्या रूपाने पडद्यावर आला.

एखादा चित्रपट आपल्यासोबत का राहतो, याची उत्तरे कथेत, गाण्यांत आणि अभिनयात शोधली जातात. फाळक्यांचे आयुष्य आणखी एक उत्तर सुचविते. जे पडद्यावर नसते आणि तरीही पाहताना आपल्याला दिसते, ते ज्या चित्रपटातून हाती लागते तो विसरता येत नाही. ख्रिस्ताच्या त्या चित्रपटात ना गोकुळ होते, ना यमुना. ती पाहणाऱ्याने घरून आणली होती. आणि जे दिसले ते एकट्यापाशी ठेवणे त्याला जमले नाही. पत्नीला चित्रपट दाखविण्यापासून सुरू झालेला हा प्रवास बैलगाडीत प्रोजेक्टर घालून गावोगाव खेळ करण्यापर्यंत गेला. दृष्टी, दागिने, विमा आणि उतारवयातील स्वास्थ्य अशी त्याची किंमत एका कुटुंबाने मोजली. आवडलेला चित्रपट पाहून घरी परतताना आपण तिकिटाचेच पैसे मोजलेले असतात. त्यामागे फाळके पतिपत्नींनी मोजलेले ऋण आहे, याची आठवण ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.