अल्सेशियनचा ‘बाप’ कॅप्टन

पोलिसांच्या श्वानपथकातला तो उभ्या कानांचा, काळा-तांबूस कुत्रा तुम्ही पाहिलाच असेल. कुणी त्याला अल्सेशियन म्हणतं, कुणी जर्मन शेफर्ड. जात एकच! आणि ती घडवली एका घोडदळाच्या कॅप्टननं. त्याचं नाव माक्स फॉन श्टेफानिट्झ.

१८६४ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये तो जन्मला. लष्करात असताना काही काळ बर्लिनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात होता. प्राण्याचं शरीर कसं चालतं, हे तिथं नीट कळलं. त्या काळी जर्मनीत मेंढपाळांचे कुत्रे भागाभागानुसार वेगळे दिसायचे. कुणाचे कान पडलेले, कुणाची शेपटी आखूड. पण काम? एकदम चोख! यातूनच एक पक्की जात तयार करायची, असं त्यानं ठरवलं.

१८९९ च्या एप्रिलमध्ये कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात त्याला लांडग्यासारखा दिसणारा हेक्टर भेटला. त्यानं तो लगेच विकत घेतला, नाव ठेवलं होरांड. त्याच महिन्यात संघटना काढली आणि नोंदवहीत पहिला क्रमांक दिला होरांडलाच.

पुढे होरांडच्याच मुला-नातवंडांच्या जोड्या लावल्या गेल्या. असं केलं की हवे ते गुण लवकर पक्के होतात. पण गोम इथंच आहे. आई आणि बाप दोघांकडून एकच सदोष जनुक आलं, की इतके दिवस लपलेला आजारही वर येतो.

कुत्रे फार उंच होऊ लागले, स्वभाव बिघडू लागले, तेव्हा कॅप्टन गप्प बसला नाही. प्रजननाआधी कुत्र्याची तपासणी सुरू केली. १९२५ मध्ये तर त्यानं मुद्दाम वेगळ्या, बुटक्या बांध्याच्या क्लोडोला विजेता ठरवलं. मेंढ्या कमी झाल्या, तसं त्यानं या कुत्र्यांना पोलीस आणि लष्कराच्या कामाकडे वळवलं. दिसण्यापेक्षा काम मोठं, हा त्याचा हट्ट शेवटपर्यंत राहिला. पण नाझींच्या दबावामुळे त्याला स्वतःचीच संघटना सोडावी लागली. २२ एप्रिल १९३६ रोजी तो गेला. संघटनेचा वाढदिवसही तोच!

त्याच्यानंतर प्रदर्शनांत उतरत्या पाठीचं कौतुक वाढलं. खुब्याचा सांधा सैल असण्याचा आनुवंशिक आजार आजही या जातीला छळतो. तेव्हा पिल्लू आणायला जाल, तर नुसता रुबाब पाहू नका. त्याच्या आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे आधी मागा. मिळाले नाहीत, तर सरळ परत फिरा!