श्रीगाडगेबाबांची माया

माउली, पंढरीच्या वाटेवर आपण प्रेमाचे नाव हजारदा घेतो. पण प्रेम करावे कसे, हे शिकायचे कुणापाशी? मला विचाराल तर वऱ्हाडातल्या एका परटाच्या पोरापाशी. त्याला अक्षर येत नव्हते.

देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बाप दारूपायी अकाली गेला. आई सखूबाई पोराला घेऊन दापुऱ्यास माहेरी आली. तिथे देबूजीने गुरे राखली, पुढे औत धरले. मामाने सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला होता. त्यात काय लिहिले आहे ते घरात कुणालाच वाचता येईना. कर्ज फिटता फिटेना. शेत गेले आणि त्या धसक्याने मामाही गेला. सावकाराची माणसे ताबा घ्यायला आली, तेव्हा औतावरचा देबूजी त्यांच्यापुढे उभा ठाकला. त्यांना परत फिरावे लागले.

ही गोष्ट बाबा कधी विसरले नाहीत. पुढे पन्नास वर्षे कीर्तनात तेच सांगत राहिले: कर्ज काढू नका, दारूला शिवू नका, जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल पण पोराला शाळेत घाला. ऐकणारे हसत, मग एकदम गप्प होत, कारण प्रत्येकाच्या घरात असा एक अंगठा उठलेला असे. नवल हे की त्यांच्या आठवणीत जळफळाट नव्हता. माझ्या मामाचे झाले ते तुमचे होऊ नये, एवढीच तळमळ.

पण त्याआधी एक पायरी आहे, ती आपण ओलांडून पुढे जातो. त्यांच्या जातीत बारशाला बकरे आणि दारू लागे. देबूजीने मुलीच्या बारशाला गोडाचे जेवण घातले. भाऊबंद बिथरले, पण तो हलला नाही. लोकांची धुणी धुणारे आपण, आपली लायकी ती काय, असे मानणाऱ्याला हे जमायचे नाही. स्वतःच्या जिवावर माया केली म्हणूनच त्याला दुसऱ्याचा जीव मोलाचा वाटला, असे मला तरी वाटते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हाती खराटा, डोक्यावर गाडग्याचे खापर. त्यावरूनच लोकांनी नाव ठेवले. पत्नी कुंताबाई आणि लेकरे मागे राहिली. त्या माउलीने काय सोसले, हे आपण भक्तमंडळी फारसे बोलत नाही; बोलायला हवे. पुढे लाखोंच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण घरच्यांना त्यातला पैसा बाबांनी लागू दिला नाही. १९२३ साली मुलगा गोविंदा गेला, तरी कीर्तने थांबली नाहीत.

पंढरपुरात बाबा दर वारीला यायचे, पण त्यांची सेवा राऊळाच्या बाहेरची. वाळवंट झाडावे, वारकऱ्यांनी केलेली घाण उचलावी. आणि आत ज्यांना जाता येत नव्हते त्यांचे काय? चोखोबांची समाधी नामदेव पायरीपाशी, दाराच्या बाहेर आहे. आपण तिथे माथा टेकतो, पण ती बाहेर का, हे किती जण मनाशी विचारतात? साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली मंदिर सर्वांना खुले झाले. त्याच्या कितीतरी वर्षे आधी बाबांनी अस्पृश्य वारकऱ्यांसाठी पंढरीत धर्मशाळा बांधली आणि तिला नाव दिले चोखामेळ्याचे. म्हणजे टेकायला जागाही झाली, आणि झालेला अन्याय नाव घेऊन लक्षातही राहिला.

१९४९ साली बाबा मुंबईत आजारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा देशाचे कायदामंत्री. ते भेटीला आले, बरोबर दोन घोंगड्या आणल्या. कुणाचे काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, असे सांगतात. चोखामेळा धर्मशाळा बाबांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या वसतिगृहासाठी.

आता मुंबईचे बघा. गावाकडचा माणूस आजारी नातेवाइकाला घेऊन इस्पितळात येतो. रोग्याला खाट मिळते, बरोबरचा मात्र फुटपाथवर निजतो. ते पाहून बाबांनी १९५४ साली जे. जे. इस्पितळाजवळ धर्मशाळा उभारली. प्रबोधनकार ठाकरे यांनी दोनच वर्षे आधी, १९५२ साली, बाबांचे चरित्र लिहिले होते.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याला पोलिसांपुढे त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले, म्हणून तो खडा वऱ्हाडी आवाज आपल्याला आजही ऐकता येतो. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. २० डिसेंबरला अमरावतीकडे जाताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, गाडीतच बाबांनी देह ठेवला.

दादर पूर्वेला त्यांच्या नावाची धर्मशाळा १९८४ पासून चालू आहे. परळच्या टाटा इस्पितळात कर्करोगावर उपचार घेणारे रोगी आणि त्यांची माणसे तिथे नाममात्र पैशात राहतात. दादरला उतरलात तर वाट वाकडी करून जरूर जा.