नावा फोडल्या, बंदरं उडवायची तयारी केली, अन् जपानी आलेच नाहीत: एका डोळ्याच्या लॉर्ड वेव्हेल यांची गोष्ट

शाळेच्या इतिहासात एक ओळ असते. वेव्हेल योजना, १९४५. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना तर ती तोंडपाठ असते: सिमला परिषद, जूनमध्ये सुरू, जुलैत फिसकटली. एक मार्क मिळाला की विषय संपला. पण हे वेव्हेल व्हाइसरॉय होण्याच्या आधी काय करत होते, हे पुस्तकात सहसा येत नाही. ते हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती होते. जपानी येणार म्हणून आपल्याच देशाची बंदरं, तेलाच्या टाक्या, नावा निकामी करायचा बेत आखला गेला, तेव्हा फौज त्यांच्या हाताखाली होती. आणि पुढं त्याच भागात लोक उपासमारीनं मेले, तेव्हा तिथं धान्य पोचवायची पाळीही त्यांच्यावरच आली. म्हणून या माणसाची गोष्ट सांगावीशी वाटते.

आर्चिबाल्ड पर्सिव्हल वेव्हेल यांचा जन्म ५ मे १८८३ चा, इंग्लंडमधल्या कोलचेस्टरचा. वडील लष्करात, त्यामुळे लहानपणीची काही वर्षं भारतातच गेली. पोरगा अभ्यासात हुशार होता. कवितांचं तर वेड. शेकडो कविता पाठ होत्या आणि पुढं १९४४ साली, व्हाइसरॉय असतानाच, आवडत्या कवितांचं एक जाडजूड पुस्तकही त्यांनी काढलं. १९०१ मध्ये ते ब्लॅक वॉच नावाच्या पलटणीत दाखल झाले. दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध पाहिलं, मग वायव्य सरहद्दीवर काढली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ईप्रजवळच्या लढाईत डावा डोळा गेला. बोलणं मुळातच कमी. समोरचा बोलत राहायचा आणि हे एका डोळ्यानं बघत गप्प बसायचे. चर्चिल यांच्यासारख्या बोलक्या माणसाला हे गप्प बसणं कधीच मानवलं नाही आणि पुढं ते वेव्हेल यांना महागात पडलं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इजिप्तपासून पूर्व आफ्रिकेपर्यंतची फौज त्यांच्याकडं होती. १९४० च्या डिसेंबरात त्यांच्या जेमतेम ३६ हजार सैनिकांनी इटलीच्या फौजेवर चाल केली आणि दोन महिन्यांत १ लाख ३० हजार कैदी पकडले. त्या सुरुवातीच्या चढाईत भारतीय डिव्हिजन होती. १९४१ साली इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर मराठा लाईट इन्फन्ट्रीचे जवान लढले तेही वेव्हेल यांच्याच हुकुमतीत. आपल्या भागात ज्यांच्या घरी पणजोबांची मेडलं पेटीत पडून आहेत, त्यांनी जरा उलटून बघावं, केरेनचं नाव निघायचं.

मग ग्रीस हातचं गेलं, क्रीट गेलं, वाळवंटात जर्मनांचा रोमेल आला. चर्चिल यांनी जुलै १९४१ मध्ये वेव्हेल यांना तिथून उचलून दिल्लीला पाठवलं. दिल्लीची जागा त्या वेळी निवांत समजली जायची. पाच महिन्यांत जपान युद्धात उतरला आणि तो निवांतपणा संपला.

आता मुद्द्याकडं येऊ.

समुद्राकडून चाल करणाऱ्या फौजेला सगळ्यात आधी काय लागतं? बंदर. माणसं होडीतून कुठल्याही किनाऱ्यावर उतरतील. पण रणगाडे, तोफा, पेट्रोल, दाणागोटा हे सगळं रोजच्या रोज उतरवायचं तर धक्का पाहिजे, क्रेन पाहिजे, वीज पाहिजे, तिथून आत जाणारी रेल्वे पाहिजे. म्हणून मागं हटणारी फौज बंदर तसंच सोडत नाही. क्रेन सुरुंगानं पाडतात, वीजघर उडवतात, तेलाच्या टाक्या पेटवतात, इंजिनं मोडतात, जहाजांच्या वाटेत जुनी जहाजं बुडवतात. इंग्रज लष्कराच्या भाषेत याला 'डिनायल' म्हणायचे. शत्रूच्या हाती काही लागू द्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यात नवीन काही नव्हतं. १७७९ साली इंग्रजांची फौज मुंबईहून पुण्यावर चालून आली, तेव्हा मराठ्यांनी वाटेवरचा चारा-दाणा त्यांना मिळू दिला नाही, तळेगाव जाळून रिकामं केलं. इंग्रज उपाशी पडले आणि वडगावला शरण आले. युक्ती जुनीच होती. फरक असा, की ते गाव मराठ्यांनी स्वतःच्या राज्यासाठी स्वतः जाळलं होतं.

वेव्हेल यांनी डिनायल पहिल्यांदा जवळून पाहिलं ते रंगूनला. त्याआधी जावात बसून, ब्रिटिश, अमेरिकन, डच अशा सगळ्यांच्या एकत्र फौजेचं नेतृत्व करायचं अशक्य काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. त्याच्या चार-पाच दिवस आधी ते स्वतः सिंगापुरात होते. रात्रीच्या अंधारात समुद्री विमानाकडं जाताना धक्क्यावरून खाली पडले आणि पाठीची हाडं मोडून घेतली. तसंच दुखणं अंगावर घेऊन ते पुन्हा हिंदुस्थानात आले, तर ब्रह्मदेश निसटायला लागलेला.

रंगून हे त्या वेळी मोठं बंदर. निम्म्याहून जास्त वस्ती आपल्या देशातून गेलेल्यांची: गोदीत हमाल तेलुगू, दुकानदार गुजराती, सावकार तमिळ. डिसेंबरात बॉम्ब पडले तसे हे लोक पायी निघाले आणि जंगलात हजारोंनी मेले. बंदरात माल उतरवायला माणूस उरला नाही. चीनसाठी अमेरिकेतून आलेले शेकडो ट्रक धक्क्यावरच पडून होते. तिथल्या सेनापतीनं शहर सोडायचं ठरवलं. वेव्हेल १ मार्चला विमानानं पोचले आणि त्यांनी तो हुकूम फिरवला. अजून टिकू, असं त्यांचं मत. नवे सेनापती अलेक्झांडर ५ मार्चला आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी शहर सोडायचा निर्णय घेतला. ७ मार्चला बंदर, वीजघर आणि नदीपलीकडचा सिरियमचा तेलशुद्धीकरण कारखाना पेटवून दिला. धुराचा काळा डोंगर कोसोगणती दिसत होता म्हणतात. ८ मार्चला जपानी शहरात शिरले. वेव्हेल यांच्या त्या हट्टापायी अख्खी फौज सापळ्यात अडकायची होती. ती सुटली, कारण जपान्यांनी रस्त्यावरचा अडसर आपणहून काढून घेतला. युद्धात नशीब असतं ते असं.

पुढचा नंबर हिंदुस्थानचा, असं सगळ्यांनाच वाटू लागलं. ५ एप्रिलला कोलंबोवर बॉम्ब पडले, ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडावर. बंगालच्या उपसागरात जपानी आरमारानं त्याच दिवसांत वीसहून जास्त मालवाहू जहाजं बुडवली. मद्रासमध्ये जपानी आरमार येतंय अशी खबर उठली. ती खोटी निघाली, पण तोवर सरकारी कचेऱ्या आत हलल्या होत्या, लोक मिळेल त्या गाडीनं गाव सोडत होते. बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर काय, म्हणून प्राणिसंग्रहालयातले वाघ-सिंह गोळ्या घालून मारले. वेव्हेल यांच्याकडं हा सगळा किनारा राखण्याइतकी फौज नव्हती, विमानं तर फारच थोडी. लंडनला त्यांनी तसं स्पष्ट कळवलंही. राखता येत नसेल तर उरतं काय? डिनायल. पूर्व किनाऱ्यावर बंदरं, तेलसाठे, वीजघरं वेळ आली तर कशी निकामी करायची, याची तयारी सुरू झाली.

यातली बंदरं वाचली. जपानी उतरलेच नाहीत, म्हणून सुरुंग पेटवायची वेळ आली नाही. कलकत्ता तर पुढं सगळ्या ब्रह्मदेशच्या लढाईचं मुख्य बंदर झालं. ५ डिसेंबर १९४३ ला खिदिरपूरच्या गोदीवर दिवसाढवळ्या बॉम्ब पडले, गोदी कामगार मेले, तरी काम पुन्हा सुरू झालं.

वाचल्या नाहीत त्या नावा.

बंगालच्या किनाऱ्याकडचा मुलूख म्हणजे नुसतं पाणी. नद्या, खाड्या, मधेच बेटं. रस्ता नाही, बैलगाडी नाही. शेतावर जायचं नावेनं, बाजार नावेनं, मासे नावेनं. आपल्याकडं पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात तरीवरून पलीकडं जाणारी म्हातारी माणसं अजून सापडतील, त्यांना विचारा. तिथं बारा महिने तसंच. जपानी उतरले तर याच नावांतून आत येतील, मलायात त्यांनी स्थानिक नावा वापरल्याच होत्या, म्हणून लष्कराच्या सांगण्यावरून १९४२ च्या उन्हाळ्यात हुकूम सुटला. दहापेक्षा जास्त माणसं बसतील अशा नावा सरकारजमा करा. सुमारे ६६ हजार नावांची नोंद होती, त्यातल्या जवळजवळ ४६ हजार गेल्या. काही फोडल्या, काही बुडवल्या, काही एका जागी गोळा करून ठेवल्या त्या तिथंच कुजल्या. भरपाई मिळाली, पण पैशावर बसून कोणाला नदी ओलांडता येत नाही. शिवाय मेदिनीपूर, बाकरगंज, खुलना या जिल्ह्यांतला जादा तांदूळ सरकारनं उचलून नेला. त्यालाही डिनायलच म्हणायचे.

गांधीजींनी सेवाग्रामहून याला कडाडून विरोध केला. पूर्व बंगालच्या माणसाची नाव काढून घेणं म्हणजे त्याचे हातपाय तोडणं, असा त्यांच्या लिहिण्याचा रोख होता. जुलै १९४२ मध्ये काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्याला बसली, तेव्हा लोकांच्या जमिनी, नावा, गाड्या असं काढून घेण्याविरुद्ध ठराव झाला. पुढच्याच महिन्यात चले जाव सुरू झालं आणि ठराव करणारे सगळे तुरुंगात गेले.

आता प्रामाणिकपणे सांगायला हवं. वेव्हेल यांनी स्वतः बसून नाव फोडायचा कागद लिहिला असं नाही. बंगालमधला हुकूम तिथल्या प्रांतिक सरकारचा, गव्हर्नर हर्बर्ट यांचा. दुष्काळ फक्त नावांमुळं पडला असंही नाही. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, १६ ऑक्टोबर १९४२ ला मेदिनीपूरवर भयानक वादळ आलं, युद्धखर्चानं भाव आभाळाला भिडले, व्यापाऱ्यांनी साठे केले, लंडननं जहाजं द्यायला नकार दिला. पण कोळी, कुंभार, बेटावर शेती करणारा, यांचं कंबरडं आधीच मोडलं होतं ते नाव गेल्यामुळं. आणि नाव गेली ती लष्कराच्या भीतीमुळं. त्या भीतीचा हिशेब करणारे सर्वात वरचे अधिकारी वेव्हेल होते. माझ्या मते हा वाटा त्यांच्या खात्यावर लिहावाच लागतो.

सरकारी चौकशी आयोगानं दुष्काळात मेलेल्यांचा आकडा १५ लाख धरला. पुढच्या अभ्यासकांचा अंदाज ३० लाखांपर्यंत जातो.

ऑक्टोबर १९४३ मध्ये वेव्हेल व्हाइसरॉय झाले. आधीचे लिनलिथगो दुष्काळात एकदाही बंगालला फिरकले नव्हते. वेव्हेल आठवड्याच्या आत कलकत्त्याला गेले. गाजावाजा न करता रात्री रस्त्यांवर हिंडले, फुटपाथवर निजलेली माणसं पाहिली. वादळानं मोडलेल्या मेदिनीपूरच्या कांथी भागातही गेले. नुसतं बघून परतले नाहीत, धान्य वाटायला लष्कर लावलं. ज्या लष्करासाठी नावा काढून घेतल्या होत्या, तेच आता गावोगाव तांदूळ पोचवत होतं. लंडनकडं ते लाखो टन धान्य मागत राहिले, नकार येत राहिला, शेवटी राजीनाम्याची भाषा केली तेव्हा कुठं थोडं थोडं सुटू लागलं. रोज रात्री डायरी लिहायची त्यांना सवय होती. ती १९७३ साली छापून आली. लंडनवर त्यांचा किती राग होता हे त्यात दिसतं.

पुढचं बरंचसं माहितीचं आहे. कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये फेब्रुवारी १९४४ मध्ये गेल्या. गांधीजींची तब्येत ढासळली, तेव्हा ६ मेला वेव्हेल सरकारनं त्यांना सोडलं. त्याच्या तीन आठवडे आधी, १४ एप्रिलला, मुंबईच्या गोदीत दारूगोळा आणि कापूस एकाच पोटात भरलेलं जहाज पेटलं आणि स्फोटात गोदी उद्ध्वस्त झाली. शत्रूच्या भीतीनं मद्रास, कलकत्ता उडवायचे बेत झाले, ते कागदावर राहिले. उडालं ते मुंबई बंदर, आणि तेही आपल्याच निष्काळजीपणानं.

सिमला परिषद, नौदलाचं बंड, कॅबिनेट मिशन, दंगली. वेव्हेल थकत गेले. लंडनच्या नव्या सरकारचाही त्यांच्यावर विश्वास उरला नाही आणि मार्च १९४७ मध्ये त्यांच्या जागी माउंटबॅटन आले.

२४ मे १९५० ला लंडनमध्ये वेव्हेल वारले. अंत्ययात्रेत त्यांची शवपेटी थेम्स नदीतून, टॉवरपासून वेस्टमिन्स्टरपर्यंत, नावेनं नेली. नंतर विंचेस्टरच्या त्यांच्या जुन्या शाळेच्या आवारात त्यांना पुरलं.